मीटर घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

नोकरी सोडलीस, स्वतःची वायरिंगची कामं घ्यायला लागलास, वाचून फार बरं वाटलं. तिकडे सगळं स्टोअरमधून सही करून मिळायचं आणि आता एकेक वस्तू स्वतःच्या खिशातून, त्यामुळे तुला सगळ्या टेस्ट करणारा तो एकच मोठा मल्टिफंक्शन टेस्टर हप्त्यावर घ्यावासा वाटतोय ते समजलं मला. पण थांब जरा. आत्ताच घेऊ नकोस. तो एक बिघडला की तुझं सगळंच काम बंद, आणि त्यातल्या अर्ध्या टेस्ट तुला पहिले काही महिने लागणारही नाहीत.

आधी घे दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर, मल्टिमीटरच्याही आधी. पेन टेस्टरवर, म्हणजे वायरीला न टेकवता नुसता जवळ धरायचा त्यावर, विसंबू नकोस रे, कळकळीने सांगतो. एकदा आर्मर्ड केबल कापायची होती, पेन लावून बघितला, आवाज नाही लाईट नाही, बंद समजून पक्कड लावली आणि जो भडका उडाला तो अजून डोळ्यासमोर आहे. अर्थ केलेल्या धातूच्या आवरणाआड पेनला काही कळतच नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पक्कडीच्या तोंडाला पडलेला खड्डा दिसावा म्हणून ती पक्कड मी जपून ठेवलीय. दोन टोकांच्या टेस्टरमध्ये सेटिंग चुकायचा प्रश्न नसतो, बरेचसे तर बॅटरी उतरली तरी धोक्याचं व्होल्टेज दाखवतात. तरी आधी चालू पॉईंटवर बघायचं, मग जिथे काम करायचंय तिथे, आणि परत चालू पॉईंटवर, प्रत्येक वेळी.

मग मीटर. मी म्हणेन मल्टिमीटर वेगळा घेऊच नकोस, व्होल्ट, ओहम आणि कंटिन्युइटी असलेला चांगला क्लॅम्प मीटर घे, त्याचा चिमटा वायरीभोवती धरला की वायर न तोडता अँपिअर कळतात आणि अँपिअरच्या जॅकमध्ये लीड राहून गेली म्हणून शॉर्ट व्हायची भीतीच नाही. ट्रू आरएमएस असलेलाच घे, म्हणजे वेड्यावाकड्या लहरीचाही खरा करंट दाखवणारा, कारण आता सगळीकडे एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), तिथे साधा मीटर कधी कधी ४० टक्क्यांपर्यंत कमी करंट दाखवतो, तू म्हणशील लोड कमी आहे आणि न्यूट्रल तिकडे तापत असेल. डीसी करंट सोलरची कामं घेणार असशील तरच बघ, नाहीतर त्याचे पैसे वाचव. ब्लूटूथ, अॅप, रंगीत स्क्रीन, काही नको.

पैसे वाचवायचे नाहीत ते कॅट रेटिंगवर, म्हणजे लाईनवरचा अचानक झटका मीटर किती झेलेल त्याच्या दर्जावर. डीबीत, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डात, काम करायचं तर कॅट ३, सर्व्हिस केबल आणि वीज मीटरच्या बाजूला कॅट ४. इथे आकडा फसवतो बघ, एका मीटरवर कॅट २, १००० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर कॅट ३, ६०० व्होल्ट, आपल्याला पहिला भारी वाटतो. दोघांची टेस्ट ६००० व्होल्टच्या झटक्यावरच होते पण कॅट २ ला तो झटका १२ ओहममधून देतात आणि कॅट ३ ला २ ओहममधून, म्हणजे सहापट करंट झेलायची तयारी. डीबीत तुझ्या हातातल्या मीटरवर लाईनचा झटका आला तर हाच फरक. आणि छापलंय म्हणून खरं धरू नकोस. अँपिअरचा जॅक असलेला मीटर कोणी दाखवला तर मागचं झाकण उघडून फ्यूज बघ, काचेची बारीक नळी दिसली तर परत ठेव, जाड सिरॅमिकचा एचआरसी, म्हणजे मोठा शॉर्टचा करंटही सुरक्षित तोडणारा, पाहिजे. लीडवरही कॅट बघ, चांगल्या मीटरला हलक्या लीड लावल्या की सगळंच हलकं झालं.

इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे वायरीच्या आवरणातून करंट गळतोय का ते बघणारा आपला मेगर, तिसरा. मल्टिमीटर ओहमवर फार तर काही व्होल्ट देतो, ओल धरलेलं इन्सुलेशन त्यात छान दिसतं आणि ५०० व्होल्ट डीसी दिले की खरं रूप कळतं. घरातल्या नेहमीच्या सर्किटला १ मेगाओहमच्या खाली आलं तर पुढे जायचंच नाही. टेस्टआधी इलेक्ट्रॉनिक वस्तू काढ, आणि लांब केबल असेल तर नंतर डिस्चार्ज होऊ दे, ती चांगलाच झटका देते.

आरसीसीबीचा (करंट गळला की लाईन तोडणाऱ्या स्विचचा) टेस्टर आणि लूप टेस्टर (फॉल्टच्या वाटेचा अडथळा मोजणारा) सुरुवातीला भाड्याने आण. मात्र आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पडला म्हणजे झालं असं मानू नकोस, त्याने फक्त त्याची यंत्रणा कळते, आर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, आणि ३० मिलीअँपिअरला ३०० मिलीसेकंदांच्या आत पडतोय का ते टेस्टरनेच कळतं. टेस्ट रिपोर्ट लिहून द्यायची कामं नियमित यायला लागली की मग विकत घे. सेकंडहँड मिळाला तर कॅलिब्रेशन करून मिळेल का ते आधी विचार. मी एका डबीत ठरलेले रेझिस्टर ठेवलेत, दर महिन्याला सगळी मीटरं त्यावर लावून वहीत लिहितो, आकडा सरकायला लागला की लगेच दिसतं.

आणि मेगर तूर्त घेऊच नकोस, माझ्याकडे जुना हाताने फिरवायचा पडून आहे, ५०० व्होल्टचा, मागच्याच महिन्यात तपासून घेतलाय. तो घेऊन जा, तुझा येईपर्यंत वापर. क्लॅम्प मीटर बघशील तेव्हा रेटिंगचा आणि लीडचा फोटो पाठव, पैसे दिल्यावर नाही, देण्याआधी.

तुझाच मित्र