लोकल आणि बसची चुकामूक

महोदय,

उपनगरी स्थानकाबाहेर बस वाढवा, ही मागणी नेहमीचीच. पण अनेकदा दुखणे संख्येचे नसून वेळापत्रकाचे असते. लोकल दर १२ मिनिटांनी आणि बस दर १५ मिनिटांनी असेल, तर दोघींचा मेळ तासातून एकदाच बसतो. समजा बस १२:००, १२:१५, १२:३० अशा सुटतात; फलाटावरून पूल ओलांडून थांब्यावर यायला ४ मिनिटे धरा. १२ वाजता उतरलेल्याला ११ मिनिटे थांबावे लागते, १२:१२ च्या गाडीवाल्याला १४, तर १२:२४ वाल्याला अवघी २. बस १२ मिनिटांनी सोडली, किंवा बसच कमी असतील तर २४ मिनिटांनी, की गणित पक्के होते. लोकल आल्यावर सहाव्या मिनिटाला बस सुटावी. चौथ्याला सोडली तर जिन्यात अडकलेले ज्येष्ठ नेमके मागे राहतात.

लोकल उशिरा आली तर बस दोन-तीन मिनिटे रोखण्याचा अधिकार थांब्यावरच्या नियंत्रकाला हवा, तोही फक्त सुरुवातीच्या थांब्यावर. वाटेत रोखली तर आतले प्रवासी उगाच ताटकळतात. शेवटची बस मात्र शेवटच्या लोकलची वाट पाहूनच सुटावी.

आणि बसच्या जागेत रिक्षा उभ्या असतील तर हे सारे कागदावरच! बस मग भर रस्त्यात थांबते आणि मागची वाहतूक तुंबते.

– एक प्रवासी