मला गाडी न विकल्याबद्दल

प्रिय दादा,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. गाडी न विकल्याबद्दल एखाद्या सेल्समनचे असे चारचौघांत आभार मानले, तर ते त्याच्या साहेबांना कितपत रुचेल कोण जाणे. पण हे वाचलंत तर तुम्ही ओळखालच. तीन उशांवर बसून गाडी चालवत आलेली बाई तुमच्याकडे रोज थोडीच येत असेल!

त्या दिवशी मी आले ती बुकिंग करायचंच, असं ठरवून. आठ महिने कंबर धरलेली होती. एरवीही दुखायचीच, पण गाडीत अर्धा तास झाला की कुल्ल्यातून कळ निघायची ती मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. उतरल्यावर टपाला धरून उभं राहायचं, आणि कुणी बघितलंच तर पर्समध्ये किल्ली शोधतेय असं दाखवायचं. दोष गाडीचा आहे, हा निकाल मी कधीच देऊन टाकला होता. नवी घेतली की प्रश्न मिटला.

तुम्ही दाखवलेल्या पहिल्याच गाडीत बसले आणि म्हणाले, "अहाहा, काय मऊ आहे! हीच द्या."

दुसऱ्या कुणी लगेच फॉर्म पुढे केला असता. तुम्ही घड्याळ बघितलंत. "ताई, पाच मिनिटांत सगळ्याच सीट चांगल्या वाटतात. चाळीस मिनिटं बसा. मी येतो."

उभ्या गाडीत चाळीस मिनिटं! आधी राग आला, मग कंटाळा आला, आणि अठराव्या मिनिटाला मी पहिल्यांदा बूड हलवलं. पंचविसाव्याला एक पाय ताणला. तिसाव्याच्या आसपास ती ओळखीची कळ आलीच. सीट खरंच मऊ होती, त्यामुळे मी तिच्यात रुतत गेले होते. बूड खाली आणि पुढे सरकलेलं, कमरेची नैसर्गिक कमान गेलेली, पाठीचा पार केळ्यासारखा बाक झालेला. एवढ्या वेळात कुणी येऊन "काही हवंय का मॅडम" असंही विचारलं नाही. ती तुमचीच व्यवस्था असावी.

मग तुम्ही आलात आणि शेजारच्या सीटवर बसलात. कसे बसलात ते मी बघितलं. आधी पाठमोरे होऊन बूड टेकवलंत, मग दोन्ही पाय जोडून एकदमच आत घेतलेत. धडधाकट माणूस असा गाडीत बसत नाही. तो एक पाय आत टाकतो आणि कंबर पिळत आत शिरतो.

"तुमचीही?" मी विचारलं.

"एल-फोर एल-फाइव्ह," कमरेच्या खालच्या दोन मणक्यांची नावं तुम्ही रोल नंबर सांगावा तशी सांगितलीत. दिवसभर गाड्यांत चढ-उतार केल्याची कमाई.

त्यानंतर तुम्ही मला गिऱ्हाईक म्हणून वागवलंच नाही. आधी विचारलंत, पायाला मुंग्या येतात का, पाय जड पडतो का, लघवी-संडासच्या जागी बधिरपणा आहे का. "तसं असेल तर सीट बघत बसू नका, आधी डॉक्टर गाठा." अनोळखी पुरुषाने असं विचारल्यावर खरं तर मी अवघडायला हवं होतं. तुमच्या तोंडी ते टायरमध्ये हवा किती, इतकं साधं वाटलं. मग म्हणालात, मागच्या खिशातला मोबाईल काढा. एका बाजूला जेमतेम बोटभर जाडी, पण बैठक तेवढीच तिरकी होते. (आमच्या घरी एका पाकिटात दहा वर्षांच्या पावत्या असतात. जाड पाकिटावर बसून सायटिकासारखं दुखणं लागलेल्या रुग्णांबद्दल १९७० च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत लिहून आलंय, हे मी त्या पाकिटाच्या मालकांना ऐकवलं. पाकीट आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं.)

आणि शेवटी, "ही गाडी घेऊ नका. सीटमधला कमरेचा टेकू वरखाली होत नाही. तो पँटच्या पट्ट्याच्या रेषेत यायला हवा, इथे तुमच्या बरगड्यांना ढुशी देतोय. उंच माणसाला चालेल, तुम्हाला नाही. तुमची जुनी कुठे लावलीय?"

पार्किंगमधला तो पाऊण तास मी विसरणार नाही. दार उघडून तुम्ही एकेक उशी बाहेर काढलीत: जेलची, मण्यांची आणि ती पाचरीसारखी उतरती. तिन्ही मी एकीवर एक रचल्या होत्या. "यांनी तुम्ही वर गेलात. हेडरेस्ट राहिलं मानेपाशी, ते डोक्यामागे हवं. आणि सीटबेल्टचा कमरेवरचा पट्टा ओटीपोटावर चढतो, तो खाली मांडीच्या सांध्यापाशी बसला पाहिजे." मग उघड्या सीटवर तुम्ही तळवा दाबलात. आधी आतल्या बाजूला, मग दाराकडे. आतला फोम परत वर आला. दाराकडचा दबला तो दबलेलाच राहिला. माझा हात धरून तिथे ठेवलात. इतकी वर्षं आत शिरताना आणि उतरताना मी त्याच कडेवर सगळा भार टाकत होते. ती कड मेली होती. म्हणजे रोज मी एका कुल्ल्यावर कलून गाडी चालवत होते आणि उशा रचून त्या कलण्यालाच उंची देत होते.

हे आठ महिन्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांच्याकडे मी तपासायला जात होते त्यांनी "ड्रायव्हिंग कमी करा" एवढंच सांगितलं होतं. सांगायला काय जातं!

मग तुम्ही सीट लावायला घेतलीत. मी आयुष्यभर आधी पाठ लावायचे आणि मग पाय पुरेनात म्हणून पुढे सरकायचे. तुम्ही सुरुवात बुडापासून केलीत. ते पार मागे, फट नको. मग उंची, इतकी की खुबे गुडघ्यांपेक्षा खाली जाऊ नयेत. मग क्लच तळापर्यंत दाबायला लावलात आणि गुडघा थोडा वाकलेला राहीपर्यंत सीट पुढे घेतलीत. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेमध्ये माझीच तीन बोटं घालायला सांगितलीत. पाठ मी नव्वद अंशांत ठेवलेली असायची, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. ती तुम्ही शंभर ते एकशेदहाच्या आसपास कलवलीत. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचायला हवं, म्हणून स्टिअरिंग जवळ ओढलंत. छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून जास्त, निदान २५ सेंटिमीटर अंतर राहतंय ना हे पाहिलंत, एअरबॅगसाठी. टेकू सगळ्यात शेवटी. माझ्या गाडीत तो नव्हताच, म्हणून डिकीतला हिरवा टॉवेल गुंडाळून कमरेमागे दिलात. मी म्हटलं, छान वाटतंय. तुम्ही तो काढून अर्धा उलगडलात आणि पुन्हा लावलात. "छान वाटतोय म्हणजे जाणवतोय. दहा मिनिटांनी विसरायला झाला पाहिजे." विसरले.

त्यानंतर मी थोडं वाचलं. तुम्ही तुमचं ज्ञान कुठून आणलंत ही उत्सुकता होती. आल्फ नाखेमसन नावाच्या स्वीडिश अस्थिशल्यविशारदांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभ्यापेक्षा आधाराविना बसलेल्या माणसाच्या गादीवर जास्त दाब आढळला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत मात्र सैल, टेकून बसलेल्या माणसाच्या गादीवरचा दाब उभ्यापेक्षा कमीच निघाला. म्हणजे नुसतं बसणं वाईट नाही, कसं बसतो यावर आहे. तुमचा टॉवेल आणि ते एकशेदहा अंश तिथेच बसतात. दुसरी गोष्ट, बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतं, म्हणजे स्वतःही जोरात हलतं, आणि चालत्या गाडीतून नेमके असे हादरे येत असतात. "नवी बघाल तेव्हा गुळगुळीत रस्त्यावर चालवून फसू नका, खड्ड्यांतून न्या," असं तुम्ही का म्हणालात ते तेव्हा कळलं. पेडल सरळ समोर आहेत की बाजूला, हेही बघायला सांगितलं होतंत. काही गाड्यांत ते तिरके असतात आणि माणूस नकळत कंबर पिळून बसतो. आता कुणाच्याही गाडीत बसले की आधी पेडलांकडे बघते, सवयच लागली.

सीटचा फोम बदलून घेतला. मऊ नको, घट्ट द्या, म्हणून तिथेही वाद घातला. तुमचा एक सल्ला मात्र माझ्यावरच उलटला. बसताना वळायला सोपं जावं म्हणून सीटवर प्लास्टिकची पिशवी टाका म्हणालात. वळायला खरंच लोण्यासारखं झालं. पण ती काढून टाकायची असते हे मी विसरले, आणि पहिल्याच ब्रेकला घसरगुंडीवर बसल्यासारखी पुढे आले. आता बसले की ती आधी ओढून काढते.

कंबर बरी झाली असं मी म्हणणार नाही. व्यायाम सोडला की चार दिवसांत आठवण करून देते. पण तासभर चालवते, मग थांबून पाच मिनिटं चालते, पुन्हा तासभर. गेल्या महिन्यात चार तासांचा प्रवास असाच तुकड्यांत केला आणि उतरल्यावर टपाला धरलं नाही. किल्ली शोधायचं नाटकही केलं नाही.

पुढच्या वर्षी गाडी खरंच बदलायची आहे, इंजिनाने मान टाकलीय. तेव्हा तुम्ही तिथेच असलात, तर माझ्या नावाने चाळीस मिनिटं राखून ठेवा. टॉवेल मी घेऊन येईन.

तुमची,
तीन उशांवाली ताई