मे महिन्यातला पन्हाळा दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण हातात दिलं की तुम्ही घडी घालून खिशात ठेवणार आणि "असू दे, असू दे" म्हणत पुढच्या बुरुजाकडे चालू लागणार, हे आम्हाला आता माहीत झालंय. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते लिहीत नाही. मे महिन्यात रविवारी सकाळी साडेसहाला बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहेच.

आम्हा कोल्हापूरकरांना पन्हाळा घरचाच. पाहुणे आले की वाघबीळावरून गाडी वर न्यायची, सज्जा कोठीवरून जोतिबाचा डोंगर दाखवायचा, झुणका-भाकरी आणि दही खाऊन दिवेलागणीला परत. इतिहास म्हटला की जुलै. पावनखिंडीच्या मोहिमेला गावोगावची पोरं चिखल तुडवत निघतात, अंगावर पाऊस घेत चालतात, आणि ते चालणं खरंच मोठं आहे. माझा भाऊ दरवर्षी जातो. पण त्या सगळ्यात पन्हाळा आमच्यासाठी एका रात्रीचा झाला होता. महाराज निघाले ती रात्र, तेवढीच.

तुम्ही पहिल्याच रविवारी मुलांना विचारलंत, "वेढा कधी पडला?" कुणी जुलै म्हणालं, कुणी पावसाळा. तुम्ही म्हणालात, "मार्चात. मार्च 1660. म्हणजे तुम्ही आत्ता जे ऊन अंगावर घेताय, ते ऊन वेढ्यातलं आहे." सर, त्या वाक्याने माझ्यापुरता गड बदलला. मार्च, एप्रिल, मे, जून. अख्खा उन्हाळा महाराजांनी आणि त्यांच्या माणसांनी या तटाच्या आत काढला. खाली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरची फौज, सोबत अफझलखानाचा मुलगा फाझलखान, आणि गड स्वराज्यात येऊन चार महिनेसुद्धा धड झालेले नव्हते. नोव्हेंबर 1659 मध्ये घेतलेला गड मार्चात वेढ्यात. हे सगळं मला शाळेत कुणी सांगितलं असेलही. कळलं मात्र तुमच्यामागून तटावरून चालताना, घसा कोरडा पडल्यावर.

आमच्या सासूबाईंचा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. गुडघे दुखतात म्हणून त्या यायला तयार नव्हत्या. तुम्ही त्यांच्यासाठी सगळ्या घोळक्याची चाल कमी केलीत आणि कुणाला तसं जाणवूही दिलं नाहीत. चार दरवाज्याच्या उरल्यासुरल्या अवशेषांपाशी त्या म्हणाल्या, "एवढी माणसं चार महिने खात काय हुती?" काही जण हसले. तुम्ही हसला नाहीत. "आजींनी आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलाय," म्हणालात, ठरलेला क्रम मोडलात आणि सगळ्यांना थेट अंबारखान्याकडे घेऊन गेलात.

गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारं मी लहानपणापासून बघतेय. आत गारवा असतो म्हणून उन्हातून आत शिरायचं, एवढीच ओळख. तुम्ही त्या जाड भिंतींना हात लावायला सांगितलात, धान्य वरून कसं ओतत ते दाखवलंत, भात, नागली, वरी यांतलं काय किती टिकतं ते सासूबाईंनाच विचारलंत. आणि त्यांनी सांगितलं! नागली वर्षानुवर्षं टिकते, तिला कीड लागत नाही, हे त्या एवढ्या लोकांसमोर ठणकावून बोलल्या. शेतकऱ्याच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईकडे इतिहासातलं काही सांगण्यासारखं असतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. घरी आल्यावर आठवडाभर येईल त्याला अंबारखाना समजावून देत होत्या. याबद्दल तुमचे आभार वेगळे मानायला हवेत.

धान्यानंतर पाणी. अंधारबावीच्या तीन मजल्यांतून खाली उतरवताना तुम्ही एकेका मुलाचा हात धरत होता. शेजारीच तीन दरवाजा, त्याच्यावरचं कोरीवकाम, फारसी शिलालेख. माणसं तिथे फोटो काढून पुढे जातात. विहीर दरवाज्याला इतकी लगत का बांधली असेल, यावर तुम्ही मुलांना बोलतं केलंत. मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी राहतं, कुठली आटते, हे सांगायला गडावर राहणाऱ्या ताक विकणाऱ्या मावशींना तुम्ही बोलावलंत. पन्हाळा हे आजही नांदतं गाव आहे, इथल्या माणसांना या दगडांची आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे, हे तुम्ही भाषणात सांगितलं नाहीत. त्यांनाच बोलू दिलंत.

आता पुसाटी बुरुजाबद्दल. पावसाळ्यात तिथून धुकं दिसतं. मे महिन्यात गवत वाळलेलं, झाडी विरळ, हवा सकाळी स्वच्छ, त्यामुळे पश्चिमेकडे मसाईचं पठार आडवं पसरलेलं दिसतं आणि मधल्या घळी, ओढे, सोंडा एकेक करून मोजता येतात. "गड वाचायचा तर उन्हाळ्यात," असं तुम्ही का म्हणता ते तिथे उमगलं. माझ्या मुलाने विचारलं, "सर, मग सिद्दीनं त्या बाजूला चौक्या का नाही बसवल्या?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. खडूने जमिनीवर गडाचा आकार काढलात, हातात मूठभर खडे दिलेत आणि म्हणालात, "तू सिद्दी जौहर. बसव चौक्या." सात किलोमीटरच्या वर तट. पोरांनी खडे मांडले, पुन्हा मांडले, इकडचे उचलून तिकडे नेले, भांडली. खडे पुरेनात. मग तुम्ही पाऊस सुरू झाल्याचं सांगितलंत. मग शरणागतीच्या बोलण्याची बातमी आणलीत आणि छावणीतला पहारा सैल पडला. राजदिंडी या छोट्या दरवाज्याच्या बाजूने वाट कुठे मोकळी राहिली, ते मुलांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं.

सिद्दी जौहरला तुम्ही एकदाही कमी लेखलं नाहीत, हे मला फार भावलं. पाऊस सुरू झाल्यावरही वेढा न उठवणारा चिवट सेनापती म्हणून तुम्ही त्याची ओळख करून दिलीत. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीला आला, इंग्रजांनी आपलं निशाण लावून गडावर मारा केला आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याचा हिशेब केला, हे मुलं आता पाठ म्हणून दाखवतात. समोरचा खरोखर बलवान होता हे कळलं की त्या निसटण्याची किंमतही कळते.

12 जुलै 1660, आषाढी पौर्णिमा. चंद्र पूर्ण, पण ढगाआड. महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून गेलेल्या शिवा काशीदांबद्दल सांगायला तुम्ही आम्हाला खाली नेबापूरला त्यांच्या समाधीपाशी नेलंत. पालखीत बसताना काय होणार हे त्यांना माहीत होतं, एवढंच बोललात आणि थांबलात. कागदात काय आहे, परंपरा काय सांगते, हे तुम्ही दर वेळी वेगळं करून सांगता. महाराज पोचल्याची खूण म्हणून विशाळगडावरून झालेल्या तोफांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. त्याने आमची भक्ती तसूभरही कमी झाली नाही. माझ्या मुलाला तर आता दर गोष्टीवर "हे कशावरून?" असं विचारायची सवय लागलीय, आणि मला ती हवी आहे.

पण सर, मला सगळ्यात आतपर्यंत भिडलं ते तुम्ही शेवटच्या बैठकीत, सोमेश्वर तळ्याजवळच्या सावलीत सांगितलंत ते. पालख्या निघून गेल्या, त्यानंतर गडावर कोण उरलं? मी हा विचार कधी केलाच नव्हता. महाराज विशाळगडावर पोचले, बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू पडले, आपली गोष्ट तिथे संपते. इकडे त्र्यंबक भास्कर आणि त्यांची माणसं पन्हाळा लढवतच होती. जुलै, ऑगस्ट. सप्टेंबरात महाराजांच्याच हुकमाने गड आदिलशाहीच्या हवाली झाला. आपला राजा सुखरूप आहे हे कळल्यावरही पहाऱ्यावर उभं राहणाऱ्या त्या माणसांचा पुतळा कुठे नाही. तुम्ही त्यांच्यासाठी अर्धा तास दिलात. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि एकही मूल उठलं नाही.

पावनखिंडीत गेलो तेव्हाही तुम्ही तेच केलंत. मे महिन्यात ओढा आटलेला, तेव्हाची घोडखिंड किती अरुंद आहे ते आम्हाला एकामागून एक चालवून दाखवलंत. मग बाजीप्रभूंसोबत खिंडीत लढलेल्या बांदलांबद्दल सांगितलंत. आताच्या भोर तालुक्यातल्या हिरडस मावळातून आलेली ती माणसं, त्यांचं घर इथून किती लांब, रात्रभर चिखलातून धावून आल्यावर त्यांना थांबायला सांगितलं गेलं ते कुठे. दरबारातला तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेधे घराण्याकडचा होता, तो पुढे बांदलांना मिळाला, हे सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. माझाही घसा दाटला होता.

बाकी बैठकांबद्दल लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. 1673 साली साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारे कोंडाजी फर्जंद, 1701 मध्ये औरंगजेब इथे वेढा घालून बसला असताना त्याला भेटायला आलेला इंग्लंडच्या राजाचा वकील विल्यम नॉरिस, ताराराणींचा वाडा. 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, हे ऐकल्यापासून त्या वळणावरून गाडी नेताना माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचं नाव आलं, तेव्हा पहिला फोन तुम्हालाच करावासा वाटला होता.

तुम्ही पैसे घेत नाही. मानधनाचं पाकीट पुढे केलं तर रागावता. सत्काराचं नाव काढलं की पुढच्या रविवारची वेळ सांगता. म्हणून आम्ही काही पालकांनी मिळून एवढंच ठरवलंय. खडूने काढता तो गडाचा नकाशा मुलांनी मोठ्या कापडावर रंगवलाय, गुंडाळून कुठेही नेता येईल असा. वाटेतल्या पिण्याच्या पाण्याची आणि मागे राहणाऱ्या आजी-आजोबांसोबत चालण्याची जबाबदारी यापुढे आमची. नावं लिहून घेणं, फोन करणं, पाऊस-उन्हाचं बघून निरोप देणं हेही माझ्याकडे द्या, तुमचा घसा त्या फोनांमध्ये जायला नको. सासूबाईंनी येत्या मे महिन्यासाठी आत्तापासून नवीन चपला घेऊन ठेवल्यात, आणि अंबारखान्यातल्या बैठकीत नागलीवर त्याच बोलणार, असं त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलंय.

मनापासून आभार, सर.

तुमची नम्र,
शुक्रवार पेठेतली एक आई