लॅबच्या काउंटरवरच्या दादांना

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. मागच्या एप्रिलमध्ये भर दुपारी नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरून चालत घामाघूम होऊन आईचा रिपोर्ट न्यायला आलेली, लाल ओढणीवाली, ती मी. आठवत नसेल, तुमच्याकडे रोज शंभर जण येतात.

आईचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलेलं, हर टू : २+, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर टू नावाचं प्रोटीन किती आहे त्याचा आकडा. मी आधी एकांना फोटो पाठवून विचारलं होतं, ते म्हणाले दोन प्लस म्हणजे निगेटिव्हच धरा, केमो सुरू करून टाका, वेळ घालवू नका. मी तेच धरून चाललेले, तुम्हाला फक्त झेरॉक्स कुठे मिळेल एवढंच विचारलं तर तुम्ही रिपोर्टवर बोट ठेवून म्हणालात, "ताई, शून्य किंवा एक म्हणजे नाही, तीन म्हणजे हो, आणि दोन म्हणजे अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांना फिश टेस्टचं, म्हणजे जीनच्या कॉप्या मोजायच्या तपासणीचं, विचारा, विचारल्याशिवाय राहू नका."

मग लाईन थांबवून तुम्ही मला समजावलं, मागचे काका चिडले होते तरी. पेशीला वाढ म्हणून निरोप येतो तो घ्यायला तिच्या अंगावर रिसेप्टर असतात, हर टू त्यातलाच एक, जशी दाराला एक बेल. काही कॅन्सरमध्ये हर टूच्या जीनच्या कॉप्या इतक्या वाढतात की अख्ख्या दाराला बेलच बेल, आणि त्या कोणी न दाबताच वाजत राहतात. मला तर आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगची बिघडलेली बेलच आठवली, रात्री दोनला वाजणारी. डॉक्टरांना फिशचं विचारलं तर ते लगेच हो म्हणाले.

आणि फिशसाठी मुंबईला न्यायचा तो ब्लॉक! एवढ्याशा प्लास्टिकच्या जाळीवर मेणाचा तुकडा, मेणात आईच्या गाठीचा शेंगदाण्याच्या टरफलाएवढा पांढुरका भाग. तुम्ही कापसात गुंडाळून डबीत दिलात आणि दोनदा बजावलंत की मेण आहे, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले, नाशिक रोडपासून ती डबी मांडीवर, शेजारच्या बाईंना वाटलं दागिने आहेत.

फिश पॉझिटिव्ह आलं. रंगीत ठिपके मोजतात म्हणे, या जीनचे ठिपके आणि त्याच क्रोमोसोमच्या मधल्या भागाचे, पहिले दुप्पट किंवा त्याहून जास्त निघाले की पॉझिटिव्ह. स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या पंधरा-वीस जणींचा असा असतो. मग आईला केमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब लागलं, त्या बेलांनाच जाऊन चिकटणारं औषध. अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालेलं, त्याच्या मागे डॉ. डेनिस स्लेमन यांचं काम, त्यांनीच १९८७ मध्ये दाखवलं होतं की या जीनच्या कॉप्या वाढल्या की आजार जास्त उलटतो. हे सगळं मी रात्री जागून वाचलं. आता भारतात बनणारंही मिळतं त्यामुळे खर्च आवाक्यात आला, म्हणजे तसा नाहीच आला, पण निभावलं.

दर एकवीस दिवसांनी, वर्षभर. पहिल्या डोसला आईला थंडी वाजून ताप आला, दोन ब्लँकेटं घातली. दर तीन महिन्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण या औषधाने हृदय दमू शकतं. केस गेले ते केमोने, याने नाही, नंतर चालू डोसातच परत उगवले आणि ते पण कुरळे, आई आरशासमोरून हलत नाही.

गेल्या महिन्यात शेवटचा डोस झाला. आईने पिंपळगावच्या मनुक्यांचा डबा दिला होता तुमच्यासाठी, घेऊन आले तर कळलं तुम्ही काम सोडलं. डबा आमच्याकडेच आहे, थोडा खाल्ला गेलाय, खोटं कशाला बोलू.

अजून एक, ब्लॉक परत आला की टाकू नका, पुढे लागू शकतो असं तुम्ही म्हणाला होतात ना, तो आईने फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवलाय. चालतं का तेवढं कळवा.