प्रवेश मोजता, गळती कोण मोजणार? उच्चशिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. काल बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी टीसीचा अर्ज घेऊन आली. बंजारा तांड्यावरची, घरात बारावीच्या पुढे आलेली पहिलीच. "सर, दसऱ्यानंतर कोयत्यावर जायचंय," एवढंच म्हणाली. कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला. हाताची हळद उतरली नव्हती. जोडपं म्हणजे पूर्ण कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही त्याच हिशोबाने. म्हणून हंगामाच्या तोंडावर आमच्या मुलींची लग्नं उरकतात.

साहेब, बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास होता. बारावी झाली, पास बंद. सवलतीच्या पासाला पैसे लागतात, आणि ते महिन्याच्या महिन्याला रोख लागतात. शिष्यवृत्ती येते तेव्हा वर्ष सरलेलं असतं. जुलै 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं, त्याचं मी स्वागतच केलं होतं. पण साध्या बी.ए.च्या मुलीला फी अडवत नाही. तिला एसटी अडवते, खोलीभाडं अडवतं, धाकट्या भावंडांचा स्वयंपाक अडवतो.

मुलांचं वेगळंच. ते चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात आणि परीक्षेपुरते उगवतात, नाहीतर भरतीच्या मैदानावर असतात. माझ्या वर्गात पहिल्या वर्षाला हजेरीपटावर 60च्या आसपास नावं होती. दुसऱ्या वर्षाला निम्मीही राहिली नाहीत. त्यांत तांड्यावरची आणि पारधी वस्तीवरची किती गेली, हे मी बोटांवर मोजून सांगू शकतो, कारण ती आधीच बोटांवर मोजण्याइतकी होती.

हे तुमच्या कागदावर कुठे दिसतं? 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचं 18 ते 23 वयोगटातलं नोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के, अनुसूचित जमातींचं 21.2. ही मोजणी नाव घातलेल्यांची. आत आलेलं कोण, कधी, कशामुळे बाहेर पडलं, ते त्या आकड्यांत नाही. आणि आता नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एका वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ज्याला परतता येईल त्याच्यासाठी ती चांगलीच. पण उसाच्या फडात गेलेली मुलगी 'बाहेर पडली' अशी नोंदली गेली, तर तिची गळती कधीच कुणाला दिसणार नाही.

या मुलांच्या घरी जाऊन समजावायचं कुणी? मी. मला तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने अडकून. सुट्टीत काहीच नाही. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास होऊन 11 वर्षं झाली. माझ्या बायकोनं गेल्या दिवाळीत कानातलं मोडलं. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि विद्यार्थी टिकत नाहीत म्हणून आम्हाला नोटिसा द्यायच्या, हा कुठला न्याय? महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचं पथक आलं की भिंती रंगतात. हजेरीपट उघडून 'ही पोरं कुठे गेली?' असं मला आजवर एकानंही विचारलेलं नाही.

मागणं फार नाही. एसटीचा मोफत पास पदवीपर्यंत न्या. निर्वाहाची रक्कम दसऱ्याआधी खात्यात टाका. आणि दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयाकडून मुलगा-मुलगी, प्रवर्ग आणि गाव यांनुसार गळतीचा हिशोब मागा, कारणासह.

तिच्या अर्जावर माझी सही बाकी आहे. उद्या तिच्या सासऱ्याला भेटायला तांड्यावर जातोय. त्याला पासाचं काय सांगू, ते कळवा.

आपला,
एक तासिका प्राध्यापक, बीड जिल्हा