पाणी बघूनच उतरेन

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आईचा आवाज ऐकूनच धीर सुटतो, म्हणून लिहितेय. रजा मंजूर झालीय, परवानाही हातात आलाय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी मिडल किंग्ज नदीत कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी बोट, घेऊन उतरणार आहे. आधी विचारलं नाही, हे मनाला लागून राहिलंय. पण तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडणं मला जास्त जड गेलं असतं.

नदी इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, सिएरा नेवाडा डोंगरातली. वरच्या भागाला रस्ताच नाही. साऊथ लेकपाशी गाडी सोडायची, बोट पाठीला बांधायची आणि बिशप पासची खिंड चढायची. 11,972 फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. सामानासकट ओझं पस्तीसेक किलो होतं, म्हणून चालायलाच दोन दिवस ठेवलेत.

बाबा, ही नदी पहिल्यांदा 1982 मध्ये रॉयल रॉबिन्स आणि त्याच्या सोबत्यांनी उतरली. रॉबिन्स मोठा गिर्यारोहक. संधिवाताने कडे चढणं सुटलं, तेव्हा तो वल्ह्याकडे वळला. वाचताना तुमचे गुडघे आठवले. तुम्ही फिरायला जाणं बंद केलंय म्हणे. दादाने सांगितलं. तळ्यापर्यंत तरी जायचं, काठी घेऊन. काठीची लाज कसली?

आई, तुझ्या मनात नानाकाका येणार. माझ्याही येतात, दरवेळी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना. हे पाणी पावसाचं नाही, बर्फाचं आहे. उन्हाबरोबर चढतं, रात्री उतरतं, म्हणून अवघड टप्पे आम्ही सकाळीच घेणार. आणि अशा नदीत निम्मा वेळ काठावरच जातो. पुढचं दिसत नसलं की बोटीतून उतरायचं, खडकावर उभं राहून पाणी वाचायचं, एकाने खाली दोर घेऊन थांबायचं. मन घेत नसेल तिथे बोट खांद्यावर घेऊन काठाने चालायचं. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

हे मला तुम्हीच शिकवलंत, बाबा. आजोळच्या विहिरीवर पाठीला भोपळा बांधून मी पायरीवर रडत बसायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "आधी पाणी बघ, मग उतर." पोटाखाली तुमचा तळहात असायचा. तो तुम्ही कधी काढून घेतलात, मला कळलंही नाही. अजून मोठ्या लाटेत शिरताना पोट तिथेच आकसतं.

खाण्याचं म्हणाल तर मेतकूट, भाताचे पोहे, तिखटमिठाच्या पुऱ्या, सगळं घेतलंय. अस्वलाला उघडता येत नाही असा डबा न्यावाच लागतो, त्यात आईचे डिंकाचे लाडू सगळ्यात वर ठेवलेत. ड्रायसूट आहे, अंग कोरडं राहतं. झोपायची पिशवी तर आपल्या गोधडीपेक्षा ऊबदार आहे. (आई, रागावू नकोस. गोधडीची सर तिला नाही.)

आता माझं ऐका. बाबांनी बीपीची गोळी चुकवायची नाही. आईने स्टुलावर चढून माळा काढायचा नाही, दादा येईल तेव्हा काढेल. डोळ्यांची तारीख माझ्यामुळे पुढे ढकलायची नाही.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत आहे. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचले की कळवेन, म्हणजे तुमच्या सकाळच्या चहाच्या वेळेला. दरी खोल आहे, एखाद्या दिवशी उशीर होईल. तेवढ्यावरून वाट बघत चहा गार करू नका.

तुमची,
मनू