शेजाऱ्यांची तक्रार आणि तुझी अँटेना

सांगली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारक बिनतारी संचावर, ४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) बोलू लागलास की शेजारच्या काकांच्या होम थिएटरमधून घोगरा, तुटक आवाज येतो आणि आता सोसायटीच्या सभेत तुझी अँटेना उतरवण्याचा विषय निघणार आहे, हे वाचून काळजी वाटली. दूरसंचार विभागाचा परवाना तुझ्याकडे आहे. तरीही तो कागद सभेत पुढे करण्याची घाई करू नकोस. त्याने तुझा अधिकार सिद्ध होईल, पण काकांना बातम्या नीट ऐकू येणार नाहीत.

आधी स्वतःच्या घरातला टीव्ही आणि स्पीकर तपासून घे. मग काकांना सोयीची वेळ विचारून त्यांच्या बैठकीत बस आणि एखाद्या परवानाधारक मित्राला तुझ्या सेटवरून बोलायला सांग (वहिनींना नको, त्यांच्याकडे परवाना नाही). होम थिएटरचा आवाज शून्यावर आणल्यावरही घोगरेपणा तेवढाच राहिला, तर तुझी रेडिओलहर बहुधा स्पीकरच्या लांब वायरींतून अँप्लिफायरमध्ये शिरते आहे, असे समज. डिशच्या केबलमधला सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि तू ७ मेगाहर्ट्झवर बोलतोस, त्यामुळे डिशवाल्याला बोलावून काही साधेल असे मला वाटत नाही.

उपाय वायरीवरच करायचा. ३१ नंबरच्या मिश्रणाची फेराइटची (रेडिओलहरी अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी घेऊन स्पीकरची वायर अँप्लिफायरच्या अगदी जवळ तिच्यातून सात-आठ वेळा ओवून घे. एकाच वेढ्याने ७ मेगाहर्ट्झवर फारसे काही होत नाही, कारण लहरीला होणारा रोध साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यांचे यंत्र मात्र उघडू नकोस. पुढे ते कशानेही बिघडले तरी बोल तुलाच लागेल. तुझ्या बाजूनेही अँटेनेच्या फीडपॉइंटला (जिथे केबल अँटेनेला जोडते तिथे) चोक, म्हणजे अशाच कडीवर केबलचे वेढे, बसव, म्हणजे कोअॅक्स केबलची बाहेरची जाळी लहर फेकणार नाही, आणि अँटेनेचे टोक त्यांच्या भिंतीपासून दूर ने. तोवर १०० ऐवजी २५ वॅटवर बोल, बातम्यांच्या वेळी सेट बंद ठेव आणि प्रत्येक प्रसारणाची वेळ वहीत लिही. काकांनाही त्रास झालेल्या वेळा टिपायला सांग. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की कोणती खरखर तुझी आणि कोणती एखाद्या स्वस्त एलईडी दिव्याची, हे त्यांना स्वतःलाच दिसेल.

२०१९च्या महापुरात कृष्णा आमच्या शहरात शिरली, तेव्हापासून बॅटरीवर चालणारा एक तरी सेट प्रत्येक वस्तीत असावा, असे मला मनापासून वाटते. काकांना हे जरूर सांग, पण खरखर थांबल्यावर.

कड्या माझ्याकडे आहेत. सभेची तारीख कळव, म्हणजे आधीच्या रविवारी साताऱ्याला येतो आणि तुझ्या सेटवर मीच बसतो.

तुझा,
अनंत